फ्लॅट विकायला काढताय? आधी ओल शोधा, रंग शेवटी

आईचा कोथरूडचा फ्लॅट विकायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यात आधी रंगारी बोलावला. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस ओसरला होता, आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली पोपडे सुटले होते. ते खरवडले, लांबी भरली, वर रंगाचे दोन हात मारले. चार दिवसांत भिंत कोरी करकरीत. घर बघायला पहिले आले ते एक निवृत्त काका आणि त्यांची सून. काका हॉलमध्ये थांबले नाहीत, स्वयंपाकघरात डोकावले नाहीत. थेट बेडरूममध्ये गेले, खिडकीखाली भिंतीवर तळहात टेकवला आणि मिनिटभर तसाच ठेवला. मग शेजारच्या भिंतीवर टेकवला. "ताई, रंग ताजा आहे, पण ही भिंत गार लागतेय," एवढंच म्हणाले. पुढे बोलणी झालीच नाहीत.

त्या दिवशी कळलं की जुनं घर विकायला काढताना सुरुवात रंगापासून नाही, पाण्यापासून करायची असते. पुढचं वर्षभर आम्ही ते घर नीट केलं, कागद गोळा केले, मग दाखवलं. पहिल्यांदाच फ्लॅट विकणाऱ्यांसाठी, आणि लगेच विकायचं नसलं तरी घर धड ठेवायचं असणाऱ्यांसाठी, ती सगळी वाट इथे मांडते आहे. उदाहरण सोसायटीतल्या वीस-तीस वर्षं जुन्या फ्लॅटचं आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत पुनर्विक्रीला येणारी बरीचशी घरं अशीच असतात.

आधी वर्षाचा हिशोब मांडा

घाई असेल तर गोष्ट वेगळी. पण हातात वेळ असेल तर क्रम असा लावा: पावसाळ्यात फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं. दसऱ्यानंतर भिंती सुकू लागल्या की दुरुस्ती. डिसेंबर-जानेवारीत रंग. पाडव्याच्या आधी घर दाखवायला तयार. आपल्याकडे पितृपक्षात घराचे व्यवहार करायला पुष्कळ लोक तयार नसतात, आणि पाडवा-अक्षय्य तृतीयेच्या आसपास घर बघणाऱ्यांची वर्दळ वाढते. दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्याच्या मागे लागू नका. तेव्हा त्यांच्याकडे कामांची रांग असते, हात घाईचा पडतो, आणि भिंतीतली पावसाळी ओल अजून गेलेली नसते.

कागदांचं काम मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा. सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

पावसाळ्यात वही आणि बॅटरी घेऊन फिरा

चांगला दोन-तीन दिवस संततधार पाऊस झाला की रात्री घरातले दिवे बंद करा. बॅटरी भिंतीला चिकटवून तिरकी धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे, बारीक भेगा, सुटू लागलेला रंग त्या तिरक्या उजेडात लगेच दिसतो. हे जिथे दिसेल तिथे ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तिच्याशेजारी तारीख लिहा. आठवड्याने पाहा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर पाणी अजून येतंय. रेघेच्या आत सुकत असेल तर जुनं आहे.

कुठे बघायचं? खिडक्यांच्या खाली आणि वरच्या छज्जाच्या सांध्यात. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटामागे. कपाट ओढून बघा, तिथला वास आधी सांगतो. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे आडवी भेग असते का ते पाहा. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत स्कर्टिंगच्या वर वीतभर पट्टा. बाथरूमचं छत. आणि बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड. बोर्डाभोवती ओल दिसली तर थांबू नका, त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डातला खटका) पाडा आणि वायरमनला बोलवा.

भिंतीवर पिठासारखा पांढरा थर आला असेल तर तो लोणा. भिंतीतून पाणी बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार सोबत आणतं; पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. लोणा दिसला म्हणजे त्या भिंतीतून पाण्याची ये-जा आहे, हे नक्की.

भिंतीला ओल आतून आली की खोलीतल्या दमटपणाने पाणी सुटलंय, असा संशय असेल तर साधी परीक्षा आहे. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा. एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले असतील तर ओल भिंतीत आहे. खोलीच्या बाजूला आले असतील तर हवा खेळती नाही. खिडकी उघडायची आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढायचं, एवढ्यावर भागू शकतं.

पाणी येतंय कुठून, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी भेगेतून, वायरच्या पाइपातून सरकत दोन-चार फूट लांब जाऊन उतरतं. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी वहीत एक प्रश्न सोडवा: ही ओल कधी वाढते?

फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत, खिडकी किंवा गच्ची. पाऊस असो-नसो, वरच्या बाथरूमचा वापर झाला की वाढत असेल तर सांडपाण्याची बाजू: नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग), कमोडचा सांधा, फरशांमधल्या फटी. आणि उन्हाळ्यातसुद्धा, घर बंद असतानासुद्धा डाग तसाच ओला राहत असेल तर सतत दाबाखाली असलेली, भिंतीत गाडलेली नळाची लाइन. या तिन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळा, आणि बऱ्याचदा खर्च करणाराही वेगळा.

बाथरूमवर संशय असेल तर तीन परीक्षा वेगवेगळ्या दिवशी करा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. पहिल्या दिवशी फरशीवर पाणी न सांडता फक्त नहाणीच्या जाळीत बादल्या ओता. खाली ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. काही झालं नाही तर दुसऱ्या वेळी नहाणी कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि चोवीस तास ठेवा. पातळी उतरली, खाली डाग ओलावला, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तेही ठीक निघालं तर तिसऱ्या वेळी शॉवरचा मारा फक्त भिंतीच्या टाइल्सवर पंधरा-वीस मिनिटं करा. आमच्या घरी दोष या तिसऱ्या परीक्षेत सापडला. नळाच्या चकतीमागची फट आणि टाइल्समधलं झिजलेलं ग्राउट (फटी भरायचा मसाला), एवढंच होतं. त्याआधी एकाने संपूर्ण बाथरूम फोडायचा अंदाज दिला होता.

फ्लशच्या टाकीसाठी सोपी युक्ती: टाकीत खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेलाय.

खिडक्यांकडे मात्र नीट बघा, कारण पश्चिमेच्या भिंतीतली ओल पुष्कळदा खिडकीतून आलेली असते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडायचं असतं. वर्षानुवर्षांची धूळ, कबुतरांची पिसं, रंगकामाची लांबी यांनी ती बुजतात. मग पाणी ट्रॅकमध्ये भरून आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. आमची ती गार भिंत याच भोकांमुळे गार होती. जुन्या टूथब्रशने आणि तारेने ती मोकळी केली, मगभर पाणी ट्रॅकमध्ये ओतलं आणि ते बाहेर पडताना पाहिलं. दरवर्षी मेमध्ये प्रत्येक खिडकीला हे करा. चौकट आणि भिंत यांच्यातली सिलिकॉनची पट्टी सुटली असेल तर पूर्ण काढून नवी भरा; जुन्यावर नवी बसत नाही. खिडकीखालच्या दगडाचा उतार बाहेर हवा. तो आत असेल तर वरून कितीही सिलिकॉन भरा, पाणी आत येणारच.

छताचा गिलावा फुगलाय? ठोकून बघा

स्लॅबमधली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून छताचा गिलावा फुगतो, तपकिरी डाग पडतात, मग पापुद्रे खाली येतात. झाडूच्या दांड्याने हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर बरं. पोकळ 'डब डब' आला तर तेवढा भाग सुटलेला आहे, त्याखाली पलंग ठेवू नका. नुसतं सिमेंट थापून हे झाकलं तर पुढच्या पावसात ते पुन्हा पडतं. सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून गंज उतरवायचा, गंजरोधक लावायचं, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरायचं. बाल्कनीत, बीममध्ये किंवा खांबात असं काही दिसलं तर गवंड्याच्या नजरेवर अवलंबून राहू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

इमारतीचं संरचनात्मक परीक्षण झालंय का, हेही सोसायटीला विचारा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी परीक्षण व्हायला हवं. त्या अहवालाची प्रत तुमच्या फाइलमध्ये असेल तर घेणाऱ्याच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

खर्च कोणाचा, यावर भांडण होण्याआधी

साधारण नियम असा. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक ड्रेनेज पाइप यांतून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास, मोरी, सिंक वगैरेंमधून होणारी गळती त्या त्या सभासदाने. आदर्श उपविधींत हे स्पष्ट लिहिलंय. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत सचिवांकडे मागा आणि ते कलम वाचा.

गळती वरच्या घरातून असेल तर पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन सचिवांकडे जाऊ नका. वर जा, चहाच्या वेळेला. "काका, जरा खाली येऊन आमच्या बाथरूमचं छत बघता का?" असं म्हणा आणि डाग त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. पेन्सिलच्या तारखा दाखवा. परीक्षा त्यांच्यासमोर करा. बहुतेक माणसं डोळ्यांनी पाहिल्यावर ऐकतात. नाहीच ऐकलं, तर मात्र सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. आगाऊ सूचना देऊन पाहणीसाठी सभासदाच्या घरात जाण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला आहे.

दुरुस्ती पाण्याच्या बाजूने करा

वॉटरप्रूफिंगचा साधा धर्म एकच: पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूने ते अडवायचं. पावसाचं पाणी बाहेरून येतंय आणि तुम्ही आतून महागडा 'डॅम्पप्रूफ' रंग लावताय, तर भिंत आत भिजतच राहते. वर्ष-दोन वर्षांनी तो थर फुग्यासारखा सुटतो. बाहेरच्या भेगा व्ही आकारात खोदून योग्य मसाल्याने भरणं, वर बाहेरच्या भिंतीचा रंग, खिडकीचे सांधे, भिंतीतून उगवलेला पिंपळ मुळासकट काढणं, ही कामं झुल्यावरून करावी लागतात. म्हणून ती एकट्याने करण्यापेक्षा सोसायटीत विषय मांडून एका रांगेतल्या घरांची एकत्र केलेली बरी. पिंपळ नुसता छाटला तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटतो. मूळ काढून ती फट बुजवावी लागते.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीकडे लक्ष द्या. मेच्या शेवटी गच्चीवर जाऊन पावसाचं पाणी जायच्या तोंडांतला कचरा काढा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई फुटली आहे का ते पाहा. जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) ठोकून पोकळ लागतोय का? नवीन काम केलं असेल तर गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवा आणि खाली काही उतरत नाही हे पाहूनच शेवटचा हप्ता द्या.

बाथरूमच्या फटीच असतील तर इपॉक्सी ग्राउट पुरतं. जुनं ग्राउट मात्र खरवडून काढायला लावा. वरून चोपडलेलं महिन्यात निघतं. फरशीच फोडायची वेळ आली तर नवीन टाइल्स लावण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून परीक्षा घ्या, आणि भिंतीतले पाइप झाकायच्या आधी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. हे फोटो पुढच्या मालकाला भिंतीत खिळा ठोकताना उपयोगी पडतील, आणि तुम्ही काम खरंच केलंय याचा तो पुरावाही आहे. बिल पक्कं घ्या. हमी देत असतील तर लेखी घ्या.

नव्या गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायचं आणि मग त्याला सुकू द्यायचं. महिनाभर तरी रंगाऱ्याला हात लावू देऊ नका.

वीज, नळ, लाकूड: एका शनिवारचं काम

मेन बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का ते पाहा. त्यावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर ते लगेच पडलं पाहिजे. नाही पडलं तर बदला. बाथरूममध्ये गीझर असलेल्या घरात ही चैनीची गोष्ट नाही. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येऊन तशीच लोंबकळत असते, तीही परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. गीझरचा आणि एसीचा पॉइंट गरम होत असेल, काळवंडला असेल, तर वायर कमी जाडीची आहे किंवा जोड सैल आहे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर गीझरमध्ये क्षारांचा थर साठतो. वर्षातून एकदा टाकी धुऊन घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह चालतोय ना ते बघा. सगळे अँगल कॉक (नळ-गीझरच्या आधीचे भिंतीवरचे छोटे व्हॉल्व्ह) एकदा बंद-चालू करा, नाहीतर नेमके गळतीच्या दिवशी ते अडकून बसतात.

लाकडी चौकटी खालच्या वीतभर भागात ठोकून बघा. पोकळ आवाज किंवा मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी. नळी झाडून टाकली म्हणजे वाळवी गेली नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला ती तशीच दाखवा, म्हणजे तिचा माग लागतो.

पाइप गॅसची नळी स्वतः किंवा सुताराकडून हलवून घेऊ नका. किचनचा ओटा बदलताना लोक हे सर्रास करतात. कंपनीकडे अर्ज करा, त्यांचाच माणूस येऊ द्या.

बंद फ्लॅट असेल तर

मुलगी अमेरिकेत, घर पुण्यात कुलूपबंद, अशी खूप घरं आहेत. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, आणि ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवत असतं. पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन प्रत्येक नहाणीत, सिंकमध्ये, कमोडमध्ये पाणी घालायला हवं. वर चमचाभर खायचं तेल सोडलं तर पाणी उडायला वेळ लागतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवा. खिडक्या तास-दोन तास उघडायला लावा.

परदेशातून विकणाऱ्यांनी मुखत्यारपत्र आधीच करून ठेवावं. तिकडे भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा ॲपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त टीडीएस (किमतीतून आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढला तर पैसे अडकत नाहीत. हे सीएशी आधी बोला, विसारपावती झाल्यावर नको.

कागदांची फाइल

एक जाड फाइल घ्या आणि या क्रमाने लावा. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करारनामे, साखळी न तुटता. प्रत्येकाची मुद्रांक आणि नोंदणीची पावती, इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा). तुमच्या नावाचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची पालिकेची परवानगी. मिळकत कराची ताजी पावती, विजेचं बिल, सोसायटीचा 'येणे बाकी नाही' दाखला. अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, कन्व्हेयन्स) झालं असेल तर त्याची प्रत, आणि मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलंय का तेही पाहा.

करारनामा, भागपत्र, मिळकत कर, वीजबिल, आधार आणि पॅन यांवरचं नाव नजरेखालून घाला. माहेरचं नाव, 'वसंत' की 'वसंतराव', मधलं नाव गाळलेलं. अशा एका अक्षरावरून बँकेचा वकील पंधरा दिवस घालवतो.

कर्ज फिटलंय पण मूळ कागद बँकेतच आहेत? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. जुनं कर्ज असलं तरी पाठपुरावा करा, आणि नोंदणी कार्यालयातली बोज्याची नोंद कमी झाली की नाही ते बघा.

घर वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नसतील, तर हे सगळ्यात आधी हातात घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आमच्या घरात आईचं नाव नॉमिनी म्हणून होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं तेच पुरेसं समजत होतो. वकिलांनी सगळ्या वारसांची यादी मागितली. मग भावाचं आणि माझं हक्कसोडपत्र नोंदवलं, तेव्हा साखळी पूर्ण झाली. भावंडांमध्ये सगळं गोडीगुलाबीत असतानाच हे करून घ्यावं.

क्षेत्रफळाबद्दल एक सांगते. जुन्या करारांत कधी बिल्टअप लिहिलेलं असतं, कधी सुपर बिल्टअप. जाहिरातीत फक्त कार्पेट सांगा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) यातल्या व्याख्येत कार्पेट म्हणजे आतलं वापरण्याजोगं क्षेत्र: आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची सोडून. स्वतः टेप धरून मोजा. करारात चौरस मीटर असतील तर १०.७६४ ने गुणा, चौरस फूट निघतात.

मग रंग

आता रंगारी बोलवा. पांढरट, फिका रंग सगळीकडे. कुठल्याही एका भिंतीला गडद रंग नको. पोपडे सुटलेले सगळे थर काढून, घासाई करून, प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर, मग रंग. लांबीचा थर जाड चढवून भिंत सरळ करायला बघतात, तो पुढे तडकतो. छत मात्र विसरू नका. घर बघायला आलेली माणसं पंख्याभोवतीचा काळा गोल हमखास बघतात.

नवीन मॉड्युलर किचन, खोटं छत, महाग टाइल्स यांवर विकण्याआधी खर्च करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीने ते बदलणारच असतो. गळके नळ, न लागणाऱ्या कड्या, कुरकुरणारी दारं, फुटलेल्या काचा, बंद पडलेले दिवे, यांवर करा.

दाखवताना

घरात भरपूर उजेड येतो ती वेळ निवडा. पूर्वेचं घर असेल तर सकाळी. निम्मं सामान आधीच हलवा, माळा रिकामा करा. उदबत्ती किंवा रूम फ्रेशनर लावू नका. जाणत्या माणसाला वाटतं, काहीतरी झाकतायत.

आणि जी गळती होती ती स्वतःहून सांगा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण कायदा बाजूला ठेवा. कुणीतरी आयुष्यभराची पुंजी घालून ते घर घेणार आहे, त्याच्या लेकरांनी त्या भिंतीला टेकून झोपायचं आहे. आम्ही दुसऱ्यांदा घर काढलं तेव्हा एका तरुण जोडप्याला वही दिली: पेन्सिलच्या रेघांच्या तारखा, खिडकीचं काम, बाथरूमचे फोटो, बिलं. मुलीने वही पूर्ण वाचली. किंमत थोडी कमी करून मागितली, आम्ही थोडी कमी केली, आणि त्याच संध्याकाळी बोलणी झाली.

व्यवहाराच्या वेळी

घर विकायचा इरादा सोसायटीला ठरलेल्या नमुन्यात कळवा. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं अधिमूल्य (सोसायटी घेते तो प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं; त्यावर 'स्वेच्छा देणगी' म्हणून कुणी मागत असेल तर ती देणं बंधनकारक नाही. पुनर्विकासाचा ठराव झाला असेल किंवा मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल तर ती कोण भरणार, हे करारातच लिहा.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, त्याचा दाखला मागून घ्या. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यांपैकी ज्याने कर कमी बसेल ते धरता येतं. दोन्ही आकडे मांडून घ्या.

ताबा देताना विजेच्या मीटरचा आकडा दोघांनी मिळून फोटो काढून लिहून ठेवा. किल्ल्यांचे जोड मोजून द्या, गच्चीची आणि टपालपेटीचीही. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, ते बोर्डाच्या दारावर कागद चिकटवून लिहा. प्लंबरचा आणि वायरमनचा नंबर त्यांना विचारून द्या. आम्ही ती वहीही त्या मुलीकडेच ठेवली. पुढच्या जूनमध्ये तिचा फोन आला, पहिला मोठा पाऊस पडून गेला होता. "मावशी, भिंतीला हात लावून बघितला," ती म्हणाली, "कोरडी आहे."